निळी चिंधी

रायफलीच्या नव्या नळीला आधी वळण लावावं लागतं, यावर दंतवैद्यांची गाढ श्रद्धा होती. एक गोळी झाडायची, नळी पुसायची. चिंधी पांढरी आली की मगच दुसरी गोळी. गोळीचं तांबं आत चिकटलं असेल, तर नळी साफ करायच्या औषधात भिजवलेली चिंधी निळी होऊन बाहेर येते. आयुष्यभर लोकांचे दात खरवडलेल्या माणसाला हा नियम मनापासून पटला होता.

शनिवारी नेमबाजी क्लबात त्यांनी पहिली गोळी झाडली आणि पितळी टोकाच्या सळीला चिंधी लावून पुसायला बसले. चिंधी निळी. पुन्हा पुसलं, पुन्हा निळी. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. दरवर्षी तिथे मेहुण्याला हरवणं हा सासरी त्यांचा एकमेव मान होता. यंदा तर आपली बाद झालेली जुनी नळीही त्यांनी उदार मनाने त्यालाच देऊन टाकली होती.

दुपारी रायफल घरी आली. चिंध्या संपल्या, मग बनियन संपले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, एकच गोळी झाडली ना? मग एवढं तांबं येतंय कुठून?"

"नळीतून. आणखी कुठून येणार?" ते म्हणाले खरे, पण त्यांचंही डोकं चालेनासं झालं होतं.

रविवारी ते धुसफुसत, वळण न लागलेल्या नळीनेच खेळले. मन सगळं त्या निळ्या रंगात अडकलेलं. मेहुणा पहिला आला.

"दाजी, तुमची नळी म्हणजे सोनं आहे."

"पुसतोस कशाने?"

"पुसायची असते होय?"

घरी येऊन त्यांनी सामान आवरायला घेतलं. सळी ठेवण्याआधी तिचं पितळी टोक औषधाच्या फडक्याने नुसतं टिपलं, तर फडकं निळं झालं. पितळेतही तांबं असतंच. नळी कालपासून लख्ख होती.

"पण मग ती जुनी नळी बाद कशावरून ठरवली होती?" बायकोने विचारलं.

दंतवैद्यांनी ते निळं फडकं उचललं.

"चिंधी निळी यायची," ते म्हणाले.

सोमवारी पहिल्याच पेशंटच्या तोंडात त्यांना काळा डाग दिसला. "हा दात काढावा..." एवढं म्हणून ते थांबले, आणि आधी हातातला आरसा पुसून पाहिला.