नाना, काड्या आणि धुळ्याची सुपारी

प्रवास कितीही लहान असो, आमचा नाना घरातून निघताना दोन गोष्टी घेतोच: पिशवीभर भरताची वांगी आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची मोळी. वांग्यांचं एक वेळ समजू शकतो. जळगावचा माणूस पाहुण्यांकडे वांगी नेतोच. पण काड्या? त्यावर नानाचं उत्तर ठरलेलं आहे. "गॅसवर भाजेल वांगं म्हंजे नुसतं शिजेल वांगं. बठ्ठं संगे पाहिजे."

हे 'बठ्ठं संगे पाहिजे' म्हणजे नानाच्या आयुष्याचं सूत्र. सगळं आपलं आपल्याजवळ असावं, कुणाकडे मागायला जाऊ नये. एकदा पुण्याला भाच्याकडे गेला आणि पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत त्याने काड्या पेटवल्या. धूर बघून सोसायटीचे लोक पाण्याच्या बादल्या घेऊन वर धावले. नानाने त्यांनाच बसवून भरीत-भाकरी खाऊ घातली. भाच्याचं तोंड मात्र आठवडाभर फुगलेलं होतं.

नाना माझा सख्खा मोठा भाऊ, बारा वर्षांनी थोरला. दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरी केली, आयुष्यभर आगीशी खेळला, पण गाडी चालवण्याच्या बाबतीत सायकलीच्या पुढे कधी गेला नाही. वहिनी लवकर गेली. मूलबाळ नाही. तेव्हापासून आमच्याकडेच राहायला आला आणि माझी मुलगी सुमी त्याने अक्षरशः खांद्यावर वाढवली. माझ्या हाताला तिची जेवढी सवय नाही तेवढी त्याच्या खांद्याला आहे. हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. पुढे मी काय केलं ते ऐकाल तर मला दारात उभं करणार नाही.

सुमीला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, मुलांनी एकमेकांना पसंत केलेलं. मुलाचे वडील निवृत्त इंजिनियर, देवपूर भागात मोठा फ्लॅट. त्यांचा फोन आला, "शनिवारी या, मुक्काम करा, रविवारी सकाळी सुपारी फोडू." आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे लग्न पक्कं, आणि ती घरातल्या वडीलधाऱ्याच्या हाताने फोडायची. वडील गेले, तेव्हा आता नाना. बायको शिक्षिका, तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. म्हणून शनिवारी दुपारी आम्ही दोघे भाऊच निघालो. मी गाडी चालवायला, नाना शेजारी, मागच्या सीटवर वांगी आणि मोळी.

काड्या घेऊ नको म्हणून मी घरी खूप डोकं आपटलं होतं. ऐकेल तर नाना कसला.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा नानाच्या खांद्यावर मोळी होती, गळ्यात टॉवेल, पायजम्याला काड्यांचा भुसा चिकटलेला. मी इस्त्रीच्या शर्टात. इंजिनियरसाहेब दारातच उभे होते. नानाकडे एक नजर टाकून हसत मला म्हणाले, "या या. सामान ड्रायव्हरला खाली वॉचमनकडे ठेवू द्या, तुम्ही या आत."

'अहो, हे माझे मोठे बंधू' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? एक श्वास. तो श्वास मी घेतलाही. पण आत संगमरवरी फरशी दिसत होती, मुलाची आई साडीचा पदर सावरत बघत होती, आणि मी म्हणालो, "हो. नाना, खाली ठेवा ते." घरात आम्ही भावाला अरे-तुरे करतो. जन्मात पहिल्यांदा मी नानाला अहो म्हणालो ते असं.

नानाने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, जेमतेम. मग म्हणाला, "हो साहेब," आणि मोळी घेऊन जिना उतरला. लिफ्टनेही गेला नाही.

संध्याकाळी त्याने वॉचमनच्या खोलीमागे काड्या पेटवून भरीत केलं आणि डबा भरून वर पाठवला. पंगतीला सगळ्यांनी बोटं चाटली. मुलाची आई म्हणाली, "तुमच्या ड्रायव्हरच्या हाताला भारी चव आहे हो. लग्नात त्यालाच बोलवू भरताला." मी हो हो केलं. दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं, नाहीतर संशय यायचा. नाना वॉचमनच्या खोलीत झोपला. मी पाहुण्यांच्या खोलीत, एसीत. रात्रभर खरं सांगायची वेळ होती. सांगितलं नाही.

सकाळी पाट मांडला, सुपारी, नारळ, कुंकू. मुलाचे आजोबा बसले आणि त्यांनी विचारलं, "तुमच्याकडून मोठं कोण?"

नाना दारातच उभा होता, हातात पोह्यांची रिकामी बशी.

"वडील गेले," मी म्हणालो. "आता मीच."

तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन. जळगावच्या गाडीमुळे कुणाची तरी गाडी अडकली होती. इंजिनियरसाहेब म्हणाले, "ड्रायव्हर आहे ना तुमचा, तो काढेल." नानाने बशी खाली ठेवली आणि हात पुढे केला. "द्या साहेब, चावी." मी दिली. ज्याला क्लच कुठे असतो ते माहीत नाही त्याला मी चावी दिली.

सगळे गॅलरीत जमले. खाली गाडी हलत होती, पण इंजिनाचा आवाज नव्हता. नाना एक हात खिडकीतून आत घालून स्टिअरिंग धरून, खांदा दाराच्या चौकटीला लावून गाडी ढकलत होता. वॉचमन मागून जोर लावत होता. अडुसष्ट वर्षांचा माझा भाऊ.

"पेट्रोल वाचवतो वाटतं तुमचा माणूस," इंजिनियरसाहेब म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटते सांगायला, पण चांगला मोठ्याने हसलो.

मग आत येऊन माझ्या हाताने सुपारी फोडली.

परतताना नाना शेजारी बसला होता. पारोळा गेलं. तो वॉचमनच्या गोष्टी सांगत होता, त्याची बायको आजारी आहे, उरलेल्या काड्या त्यालाच देऊन आलो वगैरे. शेवटी मीच म्हणालो, "नाना, माझं चुकलं रे. तिथेच सांगायला पाहिजे होतं."

"सुमीले सांगू नको," नाना म्हणाला. "बापबद्दल वाईट वाटी तिले."

एरंडोल जवळ आलं. तो माझ्या पायांकडे, गिअरवरच्या हाताकडे बघत राहिला. मग बोलला, तेही अगदी साधेपणाने. टोमणा मारायचा त्याचा स्वभावच नाही.

"लगीनमा मी कोन म्हनीसन येऊ, तेवढं आधी सांगी ठेव. ड्रायव्हर म्हनीसन येवानं व्हई, तर दोन महिनामा गाडी शिकी लेसू."