पंपघरातली देवी

रेगेसाहेबांनी खोक्याचं झाकण उचकटलं आणि पुंजारामनं न सांगता वहाणा काढून दाराबाहेर ठेवल्या. आत भुशाच्या गादीवर ते पडलं होतं. काळं, तेलकट, दोन मुठींचं, आणि पुढे पीळ घातलेली हातभर लांब सळई. वीस वर्षं छिन्नी-हातोड्यानं दगड आणि काँक्रीट फोडत आलेल्या पुंजारामला इतकं देखणं हत्यार आजवर स्वप्नातही दिसलं नव्हतं. तो मागे सरकून भिंतीला टेकला.

"थेट जर्मनीहून आलंय," रेगेसाहेब म्हणाले. "फिरतंही आणि ठोकतंही. मिनिटाला हजारो ठोके. दहा माणसांचं काम एकटं करतं."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण दारात उभ्या असलेल्या पंढरीनं ते नेमकं ऐकलं. सिन्नरकडून बोईसरला आलेल्या छिन्नीवाल्यांची टोळी बरोबर दहा जणांची होती. पंढरी त्यातलाच, आणि वर पुंजारामचा सख्खा मेहुणा.

तिकडे समुद्राकाठी तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं आणि त्याच्या आधारानं बोईसरात जो तो काही ना काही बांधत होता. रेगेसाहेब ज्या ठेकेदाराकडे देखरेखीला होते, त्यानं एका नव्या वसाहतीचं पंपघर बांधायला घेतलं होतं. पंप बसवायचा तर काँक्रीटच्या ओट्यात बोल्टांसाठी आठ भोकं हवी होती. छिन्नीनं एक खोल भोक पाडायला अख्ख्या टोळीला दोन दिवस लागत, आणि मुंबईचे बडेसाहेब शुक्रवारी चार वाजता बघायला येणार होते. टोळीतला हात सगळ्यात स्थिर म्हणून मशीन पुंजारामच्या वाट्याला आलं. भोकं झाली तर पुंजाराम कायम आणि बाकीचे नऊ दसऱ्यानंतर घरी. भोकं झाली नाहीत तर दहाच्या दहा घरी. रेगेसाहेबांनी हिशेब इतका स्वच्छ सांगितला की त्यावर बोलायला काही उरलंच नाही.

पुंजारामच्या बायकोनं, राहीबाईनं मात्र संध्याकाळी भाकरी थापता थापता तोंड उघडलं. "माज्या भावाच्या पोटावर मशीन चालवनार व्हय तुमी?"

"न चालवलं तर माज्याबी पोटावर चालतंय, त्याचं काय?"

"मंग बसा तसंच," राहीबाई म्हणाली, पण भाकरी मात्र तिनं रोजच्यापेक्षा एक जास्त वाढली.

मंगळवारी शिकवणी झाली. नवरात्र बसलेलं होतं. रेगेसाहेबांनी आधी पुंजारामचं धोतर सोडवलं आणि त्याला खाकी अर्धी चड्डी चढवली, कारण सैल कापड सळईत गुंतलं तर माणूसही पाठोपाठ गुंडाळला जातो. मुंडासं गेलं. डोळ्यांवर वाटीएवढ्या काचांचा चष्मा आला. "दोन्ही हातांनी धरायचं. एक हात सोडलास आणि सळई आतल्या लोखंडाला अडकली, तर मशीन थांबतं आणि तू गरगरतोस. दाबायचं नाही. चालू असताना बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. दहा फुटांत माणूस नको. आणि पाणी? पाण्याचा थेंब जवळ नको, वीज आहे ती!"

पुंजारामनं सगळं मान डोलावून ऐकलं. एखाद्या कडक व्रताचे नियम ऐकावेत तसं. मग त्यानं सळई ओट्यावर टेकवली, मनात कुलदैवताचं नाव घेतलं आणि मुठीतला चालू करायचा खटका, म्हणजे घोडा, ओढला.

त्यानंतर जे झालं ते त्याला धड सांगता येईना. कानात वारूळ फुटलं. मनगटातून शिरलेली थरथर खांद्यात, खांद्यातून दाढांत, दाढांतून थेट टाळूत गेली. आणि ज्या काँक्रीटनं आजवर त्याच्या तीन छिन्न्या बोथट केल्या होत्या, ते काँक्रीट पिठासारखं वर उडायला लागलं. तो दाबत नव्हता, ढकलत नव्हता, नुसता धरून होता. पुंजारामच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्म्यामुळे ते कुणाला दिसलं नाही, एवढंच.

दिसलं ते वेगळंच. घमेली वाहणारी पारू वाळू टाकायला आत आली, तर समोर एक पांढराफटक माणूस उभा. डोळे वाटीएवढे. डोक्यापासून पायापर्यंत गदागदा हलतोय आणि पोटातून "हूं हूं हूं हूं" असा आवाज काढतोय. नवरात्राचे दिवस, त्यात मंगळवार. पारूनं घमेलं खाली ठेवलं आणि हात जोडले.

"आली गं बाय! पुंजादादाच्या अंगात देवी आली!"

पाच मिनिटांत पंपघर बायकांनी भरलं. सातपाटीहून मासळी विकायला आलेली नर्मदा डोक्यावरची पाटी उतरवून थेट पुढे आली. "आई, आमच्या होडीला पंधरा दिस झाले पापलेट नाय. लागंल का गो?"

चालू असताना बोलायचं नाही हा नियम पुंजारामनं मोडला नाही. तो नुसता थरथरत राहिला. "हूं हूं हूं हूं."

"हूं म्हनाली!" नर्मदानं पाटीतला एक बोंबील त्याच्या पायाशी ठेवला आणि ती समाधानानं निघून गेली. भोक पुरं झालं, पुंजारामनं घोडा सोडला, मशीन थांबलं. पण अंगातली थरथर काही केल्या थांबेना. "अगं बायांनो, ही देवी न्हाई, मशीन हाये," असं तो कापऱ्या आवाजात सांगू लागला. त्यावर म्हातारी साखरबाई बाकीच्यांना म्हणाली, "देवी असंच म्हन्ते. लगेच थोडीच कबूल करते ती?"

बुधवारी दिवसभर वीज गेली आणि मशीन बंदच राहिलं. आता समुद्राला कसली हौस आली कोण जाणे, त्याच दिवशी नर्मदाच्या नवऱ्याच्या होडीला पाट्या भरभरून पापलेट लागलं. बातमी मासळीबरोबरच निघाली. दुपारपर्यंत पालघर, संध्याकाळी सफाळे आणि रात्रीच्या गाडीनं आणखी कुठे कुठे.

गुरुवारी सकाळी पंपघरापुढे दोनशे माणसं होती. नारळ होते, उदबत्त्या होत्या, मनोरकडून कुणीतरी कोंबडीही आणली होती. रेगेसाहेब ओरडून ओरडून घसा बसवत होते. "दहा फूट मागे! मागे व्हा! धोका आहे!"

"सायेब," पारू हळूच म्हणाली, "देवीपुढं एवढं वरडू नये. आन् बूट काढा."

पुंजारामनं मशीन उचललं, सळई टेकवली, घोडा ओढला. अंग हलायला लागताच गर्दीनं एकदम उसळी घेतली. नवशाचा पोरगा शाळेत पास होईल का, जिवलीची हरवलेली शेळी कुठे आहे, सुकाला मुलगी कोण देईल, सगळं एकदम. आणि अंगात आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं हा तर रिवाजच. चिंधूच्या म्हाताऱ्या आईनं तांब्या उचलला. पुंजारामला चष्म्याच्या कडेतून तांब्या दिसला, तांब्यातलं पाणी दिसलं आणि पायाशी पडलेली विजेची तारही दिसली. त्यानं घोडा सोडला, मशीन छातीशी धरलं आणि तो ओट्यावरून उडी मारून कोपऱ्यात गेला. पाणी जमिनीवर पडलं. म्हातारी खट्टू झाली. पुंजारामनं आधी विजेची तार ओढून घेतली.

त्या दिवशी तीनदा असंच झालं. भोक एकही पुढे गेलं नाही.

शुक्रवारी दुपारचे अडीच वाजले. सात भोकं बाकी, तीनशे माणसं दारात. रेगेसाहेब सिमेंटच्या पोत्यावर बसून रुमालानं मान पुसत होते. पंढरी आणि बाकीचे आठ जण भिंतीला पाठ लावून बसले होते. भोकं झाली काय आणि नाही काय, त्यांना जायचंच होतं. आणि एवढ्यात गर्दीतून वाट काढत राहीबाई आली.

"अवं, समदं बोईसर म्हनतंय तुमच्या अंगात देवी येती," ती म्हणाली. "वीस वर्सं संसार केला मी. डास चावला तरी तुमी उठत न्हाई. तुमच्या अंगात कोन कशाला यील?"

"मशीन हाये गं ते! मी बोंबलून सांगतोय, पर कोन ऐकतंय? मागं सरत न्हाईत, पानी वततात. एखादा विजेला चिकटून मरंल इथं."

"सायबाचं ऐकत न्हाईत?"

"न्हाई."

"तुमचं?"

"न्हाई."

"देवीचं ऐकतील की." राहीबाईनं पदर खोचला. "मंग देवीलाच सांगू द्या."

पुंजाराम दचकला. "नवरात्रात खोटी देवी? पाप लागंल, राहे."

"मानसं मेली तर काय पुन्य लागंल व्हय? आन् देवीच्या दारात मानसं नकोत का राखायला? पंढऱ्या, ऊठ रं! दोर घे. नवाच्या नऊ उभं ऱ्हावा."

पंढरीला काही कळलं नाही, पण बहिणीच्या आवाजापुढे तो लहानपणापासून कधी उभा राहिला नव्हता. नऊ जणांनी ओट्याभोवती दोर धरला. पुंजारामनं चष्मा चढवला, मशीन हातात घेतलं, हवेतच क्षणभर घोडा ओढला आणि सोडला. अंग हललं. तीनशे माणसं चिडीचूप.

"धा फूट मागं!" पुंजाराम गरजला. आपला आवाज त्यालाच ओळखू येईना. तीनशे माणसं दहा फूट मागे गेली.

"पदर खोचा! पानी भाईर ठिवा! तारंवर पाय दिऊ नका! अनवानी कोनी उभं ऱ्हायचं न्हाई, वहाना घाला!"

देवीनं वहाणा घालायला सांगितल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण देवी म्हणाली म्हणजे म्हणाली. दारात एकच गडबड उडाली आणि ज्याला जी मिळाली ती वहाण त्यानं पायात घातली. रेगेसाहेब पोत्यावरून उठून उभे राहिले. गेले चार दिवस ते हेच सांगत होते.

मग मशीन चालू झालं. दुसरं भोक, तिसरं, चौथं. मधे सळई आतल्या लोखंडाला अडकली, मशीननं हिसका दिला, पण दोन्ही हात जागेवर होते. पुंजारामनं घोडा सोडला, सळई मोकळी केली, ती दोन बोटं बाजूला सरकवून टेकवली आणि पुन्हा सुरू केलं. पाचव्या भोकाच्या वेळी तो विसरला की आपण सोंग करतोय. दोरापलीकडे तीनशे माणसं श्वास धरून उभी होती आणि त्याच्या हातांत डोंगर फोडेल एवढी ताकद मांजरासारखी घुरघुरत होती, त्याच्या एका बोटाच्या हुकमात. ही देवी नव्हे हे त्याला पक्कं माहीत होतं. तरीसुद्धा त्यानं मनातल्या मनात तिला नमस्कार केला, अगदी खरा.

चार वाजता बडेसाहेब गाडीतून उतरले तेव्हा आठवं भोक संपत होतं. ते दारातच थांबले. तीनशे माणसं शिस्तीत उभी. कुणी पुढे घुसत नाही, कुणी बोलत नाही. तारेजवळ पाण्याचा थेंब नाही, नऊ माणसं दोर धरून ताठ.

"रेगे," बडेसाहेब हळू आवाजात म्हणाले, "पंचवीस वर्षांत मी अशी सुरक्षितता कुठल्या कामावर बघितली नाही. कशी काय आणलीत?"

रेगेसाहेबांनी टाय सारखा केला. "शिकवणी, सर."

"उत्तम. हे मशीन मी इथंच ठेवतो. पुढची सगळी कामं यावरच." बडेसाहेबांनी वही काढली. "चालवायला माणसं किती लागतात? एक ना?"

रेगेसाहेबांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर गर्दीकडे गेली. चिंधूच्या आईचा तांब्या दाराबाहेर अजून भरलेला होता आणि म्हातारीची नजर पुंजारामच्या पायांवरून हलत नव्हती. दोराला जरा ढील मिळायचा अवकाश होता.

"दहा, सर," रेगेसाहेब म्हणाले. "एक धरायला, नऊ राखायला. त्याहून कमी माणसांत हे मशीन चालवणं धोक्याचं आहे."

बडेसाहेबांनी दहा लिहिलं. पंढरी पाया पडायला दोर घेऊनच पुढे वाकला. राहीबाईनं पदरानं डोळे टिपले आणि भावाला डोळ्यांनीच दटावलं, दोर सोडू नको म्हणून.

पुंजारामनं घोडा सोडला, मशीन लेकरासारखं ओट्यावर निजवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. चेहरा सगळा पांढरा, फक्त डोळ्यांभोवती दोन काळी वर्तुळं.

"सायेब," तो अदबीनं म्हणाला, "पुनवेला मात्र वीस लागत्याल."