एकदम डबा!

पिक्चरच्या बाबतीत माझं मत चुकत नाही! बाकी सगळ्या बाबतींत चुकतं, असं घरच्यांचं म्हणणं आहे, पण पिक्चर? छे! देशी असो, परदेशी असो, त्यातली माणसं कुठल्याही भाषेत रडोत, सुरुवात जराशी बघितली की मी निकाल देऊन मोकळा. शितावरून भाताची परीक्षा! उरलेला पिक्चर मी बघतो तो केवळ शेजारी बायको बसलेली असते म्हणून.

निकालही एका शब्दाचा. चांगला असेल तर ‘कडक’, वाईट असेल तर ‘डबा’. बस्स! नकाशे छापणाऱ्या ऑफिसात मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे दिवसभर नद्यांच्या आणि गावांच्या नावांतल्या चुका काढायच्या. चुका काढणं अगदी हाडीमाशी मुरलंय. म्हणून तर दर सोमवारी आमचे साहेब माझ्या टेबलाशी थांबून विचारतात, “काय, कसा होता?” मी सांगतो आणि साहेब त्यावरून पिक्चर बघायचा की नाही ते ठरवतात. सांगायचा मुद्दा काय, तर माझ्या शब्दाला ऑफिसात वजन आहे! म्हणजे, होतं.

झालं असं, की आमच्या ऑफिसचं कॅन्टीन बंद पडलं आणि साहेब घरगुती डबे देणारं कुणीतरी शोधू लागले. इकडे आमच्या हिला कधीपासून डब्यांचा व्यवसाय करायचा होता. तिनं परस्पर फोन केला आणि सोमवारी नमुन्याचे डबे द्यायचं ठरवून टाकलं. नवी पातेली आली, नवे डबे आले, भाजीच्या इतक्या तालमी झाल्या की मला स्वप्नातही भाजी दिसायला लागली.

“मी तुमची बायको आहे हे तिथं बोलायचं नाही,” तिनं बजावलं. “मला वशिला नको. चवीवर मिळालं तर मिळू दे.”

“मग मी काय करायचं?”

“तोंड बंद ठेवायचं. जमेल?”

“न जमायला काय झालं!”

रविवारी संध्याकाळी तिचा जीव नुसता टांगणीला लागलेला. धीर यावा म्हणून तिनं मैत्रिणीकडून एका पेन ड्राइव्हवर आपला सर्वांत आवडता पिक्चर आणला. परदेशी! एक म्हातारा शेळीला घेऊन डोंगर चढतो. चढतो म्हणजे चढतच राहतो! जेवण झालेलं, उशी मऊ, त्यात तो डोंगर काही संपेना. मी जागा झालो तेव्हा शेळी डोळे उघडे टाकून आडवी पडली होती आणि पडद्यावर नावं सरकत होती. ही डोळे पुसत होती. मीही रुमाल काढला. संसार म्हटल्यावर एवढं करावंच लागतं.

सोमवारी डबे आले. दिलेला शब्द पाळून मी खाली मान घालून जेवलो. कुणाशी चकार शब्द नाही! स्वतःच्याच तोंडाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. हात धुऊन टेबलाशी येतो, तर साहेब हजर.

“काय, कसा होता?”

सोमवारच होता. मी म्हटलं, “डबा!”

“हो, तोच. कसा होता?”

“सांगतोय ना साहेब, डबा! एकदम डबा!”

“म्हणजे... चांगला नव्हता?” साहेबांचा चेहरा पडला.

“तोंडदेखलं बोलणं मला जमत नाही. अहो, अळणी! मसाला नावाला नाही. जिथं झणझणीत फोडणी हवी तिथं नुसतं पाणी घालून वाढवलंय. अर्ध्यातच गुंगी आली मला!”

“गुंगी?” साहेबांनी पोटावर हात ठेवला. “असं होतं तरी काय त्यात?”

“काय असणार? शेळी!”

“शेळी!”

“पहिल्यापासून शेवटपर्यंत शेळीच!”

“अहो, पण मी शाकाहारी आहे!”

“शेळीसुद्धा शाकाहारीच असते, साहेब. त्यानं काय फरक पडतो?”

साहेब पांढरे पडले. समोरच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

“आणि ती बरी शेळी असती तर मी काही बोललो नसतो,” मी पुढे म्हणालो. “पण ती मेलेली! म्हातारी होऊन मेली असणार. अंगभर केस, डोळे उघडे...”

साहेबांनी तोंडावर हात दाबला आणि ते बेसिनकडे जे धावले! मी थक्क! पिक्चरचं परीक्षण इतकं मनाला लावून घेणारा माणूस मी जन्मात बघितला नव्हता.

तोपर्यंत हिशेबनीस बाई किंचाळल्या होत्या, “डब्यात मेलेली शेळी होती!” मग काय विचारता! रंगविभागातल्या एकाला लगेच आठवलं की आपल्या दाताखाली केस आला होता. दुसऱ्याला खूर आल्याचं आठवलं! जो तो पोट धरून खुर्चीत बसला.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबा! अरे देवा, डबा! त्यात दाराकडे बघितलं तर पायाखालची जमीनच सरकली. दारात ही उभी! रिकामे डबे न्यायला आलेली, हातात पिशवी, आणि डोळ्यांत पाणी. सगळं ऐकलं होतं तिनं.

साहेब तोंड पुसत आले. “बाई, तुमचे डबे बंद! माणसांना शेळी खायला घालता?”

“साहेब!” मी ओरडलो. “शेळी पिक्चरमधली आहे! मी कालच्या पिक्चरबद्दल बोलत होतो! पिक्चर डबा होता, डबा कडक होता!”

साहेबांनी कपाळाला हात लावला.

“मग जेवणाबद्दल आधी का नाही बोललात?”

“हिनंच बोलू नका म्हणून सांगितलं होतं!”

“हिनं? ही तुमची कोण?”

“बायको,” ती म्हणाली. “आणि यांना विचारा, माझा आवडता पिक्चर डबा कधीपासून झाला?”

आगीतून निघालो तो थेट फुफाट्यात! मी भिंतीवरच्या नकाशात एखादी नदी शोधू लागलो.

“शेळी मेली असं तुम्हाला कुणी सांगितलं?” तिचा आवाज चढला. “ती नुकतीच व्यायलेली, दमून आडवी झालेली असते! तिच्या कुशीत पिल्लू असतं! त्या पिल्लासाठीच तर म्हातारा तिला न विकता बाजारातून परत आणतो! बाजार तरी बघितलात का? झोपला होतात तुम्ही!”

साहेब हळूच खुर्चीत टेकले. “म्हणजे दर सोमवारी तुम्ही मला जे सांगता ते... असंच? तो जहाजाचा पिक्चर तुमच्या सांगण्यावरून मी सोडला हो! माझी बायको एकटी जाऊन बघून आली. अजून सुनावते मला!”

मग साहेब हिच्याकडे वळले. “बाई, मी तुमचा डबा पुसून खाल्ला होता. भरल्या पोटी मी या माणसाचं मत विचारायला गेलो, ही माझीच चूक. उद्यापासून डबे सुरू करा. आणि तो शेळीचा पिक्चर मला द्या.”

हिचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, सुटलो!

“पिक्चर परवा देते, साहेब,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “उद्या तो एका माणसाला लागणार आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनी डबे उघडले. काय वास सुटला होता! मीही माझा उघडला. वरच्या कप्प्यात पेन ड्राइव्ह. खालचे दोन्ही कप्पे रिकामे, घासून लख्ख केलेले!

“बघा निवांत,” साहेब बोटं चाटत म्हणाले. “आज नकाशे राहू देत.”

बघितला. पोटात कावळे ओरडत असताना झोप कुठली येतेय? म्हातारा, डोंगर, बाजार, सगळं सगळं बघितलं. अखेरीस ते ओलं पिल्लू धडपडत उभं राहिलं, आईला बिलगून दूध प्यायला लागलं आणि मी हुंदके देऊन रडलो. निम्मं त्या पिल्लासाठी, निम्मं त्या दुधासाठी!

मागे साहेब येऊन उभे होते. “काय, कसा होता?”

नाक पुसलं आणि या वेळी नीट, सुटं सुटं करून सांगितलं, “पिक्चर कडक, साहेब. डबा रिकामा!”