जिवंत बोट लागतं

आमच्या नात्यागोत्यात माझ्या होकाराशिवाय कुणी फोन विकत घेत नाही. ही बढाई नव्हे, वस्तुस्थिती आहे. निदान परवापरवापर्यंत तरी होती. फोन हातात आला की मी आधी तळहातावर वजन जोखते, पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकते, मग कडेची फट नखाने चाचपते. "मडकं घेतेस की फोन?" असं नवऱ्याने एकदा दुकानातच विचारलं होतं. मी लक्ष दिलं नाही. पारख ती पारख.

त्यामुळे मावशीला फोन घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मावशी कपडे शिवते. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती लेक लांबच्या गावी, तिचे दिवस भरत आलेले. मावशीला प्रवास झेपत नाही. बाळाचं तोंड पहिल्याच दिवशी बघायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं. तिच्या बटणांच्या फोनमधून आवाज यायचा, तोंड दिसायचं नाही.

मी निवडला तो दुकानातला सर्वांत स्वस्त टचचा फोन. गुण म्हणाल तर बॅटरी चिवट, आणि आवाज असा की पलीकडचा माणूस आपल्या मांडीवर बसून बोलतोय. दोष म्हणाल तर कॅमेरा मंद, माणसं धुक्यातून चालत आल्यासारखी दिसायची. काचही जरा आळशी होती, एका हाकेत जागी व्हायची नाही. "या किमतीत याहून शहाणा फोन मिळायचा नाही," असा निकाल देऊन मी तो मावशीकडे घेऊन गेले.

मावशीची खोली अरुंद. खिडकीशी मशीन, मशीनपुढे स्टूल, स्टुलामागच्या भिंतीवर काकांचा फोटो. मावशी रोज काच पुसते, त्यामुळे त्या खोलीत सर्वांत टवटवीत काकाच दिसतात. खिडकीबाहेर गल्लीत इस्त्रीवाल्याचं टेबल. त्याच्या इस्त्रीचा फुसफुस आवाज दिवसभर आत येत राहतो, जसं कुणी उशाशी बसून उसासे टाकतंय.

मावशी स्टुलावर बसून दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवत होती. मी तिला फोन समजावून दिला.

"ह्याला काडी, सुई, खडू काही चालत नाही. जिवंत बोट लागतं. आणि चेहरा मालकाचाच लागतो. दुसऱ्या कुणासाठी हा उघडायचा नाही."

"एवढं कळतं त्याला?"

"मेलेलं कोण, जिवंत कोण, सगळं बरोबर कळतं," मी म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. मावशीने ठेवलं.

चेहऱ्याची नोंद करायला मी फोन तिच्यासमोर धरला आणि चहा उतू जातोय का म्हणून मान वळवली. फोनने टुणकन सांगितलं, झालं. मावशी खाली पडलेली टाचणी उचलून सरळ होत होती. "बघ किती चपळ आहे," म्हणत मी चहा प्यायले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, जुन्या बटणांच्या फोनवरून.

"अगं, हा मला ओळखत नाही."

"उजेडात बस."

"उजेडातच आहे."

"चष्मा काढून बघ."

"काढला. आता मी त्याला ओळखत नाही."

"मग बोटाने आकडे दाब."

"बोट लागतच नाही गं. पाण्यावर रेघ ओढावी तसं होतंय. काही उमटत नाही." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "पण काल सांजेला उघडला."

"मग झालं की."

"मी नाही उघडला. मी ह्यांचा फोटो पुसत होते, फोन दुसऱ्या हातात होता. आपला आपण उघडला."

मी तशीच निघाले. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं, इस्त्रीवालाही टेबलाखाली झोपलेला. मावशीने माझ्यादेखत फोन तोंडासमोर धरला. ओळख पटली नाही. बोट ठेवलं. वर्षानुवर्षं सुई टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं चिंचोक्यासारखी टणक आणि गुळगुळीत झालेली. काच ढिम्म. माझ्या बोटाला मात्र काच लगेच हलली.

"आता बघ," मावशी म्हणाली. स्टुलावर चढून तिने फोन काकांसमोर धरला.

फोन उघडला. आतला निळसर उजेड काकांच्या काचेवर पसरला, आणि काका क्षणभर 'बोला' म्हणाल्यासारखे दिसले. मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"काकांना विचार, बॅटरी किती उरली आहे," तो म्हणाला. काही माणसांना संकटात फोन करू नये.

आत आले तेव्हा मावशी शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तूच म्हणाली होतीस ना, त्याला मेलेलं-जिवंत कळतं?"

"तसं नव्हे मावशी. स्वस्तातला आहे तो."

"स्वस्तातला असला म्हणून खोटं कशाला बोलेल?" तिने घडीवरून हात फिरवला. "मला वाटतं, मी गेले असेन. कामाच्या गडबडीत लक्षात आलं नसेल."

"अगं, तू माझ्याशी बोलते आहेस."

"ह्यांच्याशीही मी रोज बोलते. त्यावरून ते जिवंत ठरले का?"

मी फोन परत करून येते म्हणाले, तर तिने दिला नाही. "बाळाचं तोंड त्यातच दिसायचंय. मला नाही तर ह्यांना तरी दिसू दे." आणि घड्या घालता घालता ती गुणगुणू लागली, माझ्यासाठी नव्हे, भिंतीसाठी:

*दोरा गेला पैलतीरी, सुई राहिली अल्याड,*
*कुणी सांगावा धाडा गं, उघडा म्हणावं कवाड.*

पुढच्या दोन दिवसांत मावशीने आवराआवर केली. बाह्या न जोडलेले कपडे गिऱ्हाइकांना परत गेले. मोठी कात्री माझ्या नावाने बाजूला निघाली. बटणांचा फोन तिने इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. आणि नेमकी तेव्हाच लेक बाळंत झाली.

लेकीने नव्या फोनवर लावला, कुणी उचलेना. जुन्यावर लावला, तो इस्त्रीवाल्याने उचलला. "मावशीने मलाच दिला हा," तो म्हणाला. "सगळंच वाटून टाकतेय." लेक म्हणाली, "दादा, जरा आत डोकावता का?"

इस्त्रीवाला डोकावला. मावशी स्टुलावर चढून, फोन काकांसमोर धरून उभी. वाजलेला फोन तिच्या बोटाने उचलला गेला नव्हता, म्हणून ती काकांना उचलायला सांगत होती. खोलीत अंधार, दोघांच्या तोंडांवर निळा उजेड, दोघंही हलेनात. हाक मारली तरी वळली नाही. इस्त्रीवाला उलट्या पावली मागे सरला आणि "मावशी भिंतीपाशी थिजलीय" म्हणाला. ही बातमी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मावशी आजारी पडली होती. माझ्यापर्यंत आली तेव्हा मावशी गेली होती.

मी रडत पोचले, मागोमाग नवरा. दाराशी चपलांचा ढीग. आत माणसं माना खाली घालून बसलेली, आणि मधोमध मावशी चहा देत फिरत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "बघ, मी म्हणत नव्हते? यांनाही तसंच वाटतंय."

कप कुणी तोंडाला लावत नव्हतं. इस्त्रीवाला कप धरून दाराशीच बसला होता. आणि तेवढ्यात फोन वाजला. मांडीवर बसून बोलल्यासारखा आवाज, सगळी खोली दचकली. पलीकडे लेक.

मावशीने काचेवर बोट ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. काही नाही. मी हात पुढे केला.

"थांब. मलाच करू दे," ती म्हणाली. तिने डोळे बारीक केले, सुईच्या नाकाकडे बघतात तसे, आणि जन्माच्या सवयीने बोटाचं टोक ओठांत धरून ओलं केलं.

ते ओलं बोट काचेवर सरकलं. काच उजळली.

"आई! कुठे होतीस तू?"

मावशीने हळूच विचारलं, "मी दिसते का गं तुला?"

"दिसतेस की. जरा धुरकट दिसतेस. पण मागे बाबा बघ कसे लख्ख दिसतायत. हा फोन तुला सोडून त्यांनाच बघतोय." मग चित्र हललं आणि धुक्यातून एक इवलंसं तांबूस तोंड वर आलं. "आणि ही बघ, ही तुला बघायला आलीय."

मावशी मटकन स्टुलावर बसली. इस्त्रीवाल्याने एवढा वेळ गार झालेला चहा एका दमात संपवला.

माझ्या डोक्यात मात्र टाचणी टोचली. तीच, जी उचलायला मावशी वाकली होती. तेवढ्या वेळात फोनसमोर चेहरा कुणाचा होता, हे मला आता कळलं. तुम्हाला बहुधा आधीच कळलं असेल. मी सगळ्यांना खुलासा केला. नवरा म्हणाला, "पारख ती पारख."

"आण मावशी, तुझा चेहरा घालून देते," मी म्हणाले.

"राहू दे," मावशी म्हणाली. कापडाचे तुकडे तिने पुन्हा मशीनवर घेतले होते. "जन्मभर ह्यांनी उठून माझ्यासाठी दार उघडलं नाही. आता उघडू देत."

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. परवा मावशीने काकांचा फोटो नवी चौकट बसवायला दुकानात दिला. भिंतीवर नुसती फिकट चौकोनी जागा उरली. मी म्हटलं, आता काही दिवस फोन बंदच असणार. तर काल सकाळी मावशीचाच फोन आला, नातीचा फोटो पाठवू का विचारायला.

"तू उघडलास कसा?" मी विचारलं.

"नेहमीसारखा. सवयीने त्या रिकाम्या जागेसमोर धरला."

हा गुण धरायचा की दोष, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हल्ली कुणी फोनबद्दल विचारलं, की मी दुकानदाराकडे बोट दाखवते.