भिंतीनं घेतलेलं औषध

रंगारीबुवांना शिडीवर ठेवायचं की उतरवायचं, हे डॉक्टरबाईंच्या हातात होतं. आणि डॉक्टरबाईंचा दवाखाना सध्या रंगारीबुवांच्या हातात होता.

"रक्तदाब खाली आला तरच शिडी पुढे चालू," बाईंनी बजावलं होतं. "मीठ कमी, तळलेलं बंद. भाज्या, कडधान्यं, फळं भरपूर. महिन्यानं बघू." शिडी सुटली तर जावयाच्या दुकानात स्टुलावर बसून माशा मारायच्या, या नुसत्या विचारानंच बुवांचा रक्तदाब आणखी चढला.

पथ्याची सूत्रं बायकोनं हाती घेतली. खोटं बोलायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही, हे तिचे रोजचे नेम. त्यामुळे तिच्याशी भांडायची सोयच नव्हती. ताट बदललं, बुवांनी निमूट खाल्लं. पण सुकवलेल्या पालेभाज्यांची पूड पाण्यात कालवून तिनं बाटली पुढे केली, तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"अगं, डबक्यातलं पाणी भरलंस की काय?"

"नुसता पाला आहे हो. कामावर घ्या घोट घोट."

दवाखान्यात पहिल्याच घोटाला बुवांचे डोळे पांढरे झाले. फेकून द्यायला जीव होईना, गिळायला घसा तयार होईना. समोर पांढऱ्या रंगाची बादली होती. बाटली तिच्यात रिकामी झाली. रंग मापून करायची बुवांना सवयच नव्हती. डोळ्याला पटला की झाला. हा तर भलताच पटला, आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतींवर चढला.

डॉक्टरबाई दारातच थबकल्या. "अहो, काय सुरेख हिरवा! बघूनच शांत वाटतं. आतल्या खोलीलाही हाच हवा. अगदी हाच हं!"

बुवांनी आपल्याकडचे सगळे हिरवे आणि पिवळे घोटून पाहिले. बाई म्हणायच्या, "हा पोपटी झाला. हा शेवाळी." शेवटी बुवा घरी येऊन चाचरत म्हणाले, "अगं, उद्यापासून मोठी बाटली दे. आणि जरा दाट."

बायकोनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "दाट? बरं," एवढंच म्हणाली.

भिंती हिरव्यागार झाल्या आणि तपासणीचा दिवस उजाडला. आपलं औषध आपण भिंतीला पाजलं, आता शिडी गेलीच, असं मनाशी म्हणत बुवांनी दंड पुढे केला. बायको शेजारी बसली होती.

"उतरलाय की!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "शिडी चालू ठेवा. पण या भिंतीला काय झालंय? खिडकीकडून पिवळी पडत चाललीय. वरून पाल्याचा वास."

बुवांना आता राहवेना. "बाई, हिनं दिलेलं पाल्याच्या पुडीचं औषध सगळं भिंतीनं प्यायलं. एका घोटापलीकडे मी नाही."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "म्हणजे पुडीशिवायच गुण आला! अहो, खरी करामत ताटातल्या भाज्यांची, कडधान्यांची. पूड काय, असली तर असली."

"ऐकलंस?" बुवा ताठ बसले. "पुडीशिवाय!"

"पुडीशिवाय कसं?" बायको हळूच म्हणाली. "पहिल्याच संध्याकाळी तुमच्या बाहीवर पाल्याच्या वासाचे हिरवे शिंतोडे दिसले. तेव्हापासून तुमच्या पालेभाजीत घालतेय. दुसऱ्यांदा वाढून कोण घेत होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? दाट मागितलीत, तेव्हा म्हटलं, भिंतीला कमी पडत असेल."

दुसऱ्या दिवशी दोन्ही खोल्या पुन्हा रंगवायला बुवा शिट्टी वाजवत शिडीवर चढले. बायकोनं दिलेली बाटली त्यांनी उजेडात धरून पाहिली. आत स्वच्छ पाणी होतं. त्यांना अगदी हायसं वाटलं.

दुपारी डबा उघडला, तर भाजी नेहमीपेक्षा जरा जास्तच हिरवी होती. बुवांनी इकडेतिकडे पाहिलं. बादली जवळच होती. त्यांनी तिच्यावर झाकण घातलं आणि जेवायला बसले.