शालीखालची पेटी

वासुअण्णांशी बोलताना आपल्याच वाक्याचं शेपूट आपल्याला परत मिळतं. "अण्णा, उद्या मी गावाला जातोय." "गावाला जातोय... हं, जातोय. कधी येणार?" चाळीस वर्षं गवयांना पेटीची साथ केली. गवई दमाला थांबला की त्याची शेवटची जागा पेटीवर उचलायची, ती सवय हातातून तोंडात उतरली. बँकेतल्या बाई तर एकदा चिडल्याच. त्यांना वाटलं, म्हातारा आपली नक्कल करतोय.

असल्या माणसाला कुणीतरी सिनेमात घेतलं! मल्लेश्वरमला देवळात गाणं होतं. तिथे आलेला एक कन्नड दिग्दर्शक गायिकेला सोडून अण्णांकडेच बघत बसला. वाक्य एकच होतं, पण अण्णा महिनाभर जमिनीवर नव्हते. "जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघितलं रे जयंता. आता एक वाक्य माझं."

शूटिंग आनेकलजवळ एका घरात होतं. मी अण्णांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, म्हणून पीण्या भागातल्या माझ्या कारखान्यात रजा टाकून त्यांना न्यायची जबाबदारी माझी. सीन साधा. म्हातारा शाल पांघरून बसलाय. बायको बाहेरून येऊन विचारते, "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का. त्याने जरा थांबून म्हणायचं, नाही, तुझी वाट बघत होतो.

"ऊट आयता?"

"आयता... हं..."

"कट."

असं पाच वेळा झालं. सहाव्या टेकच्या आधी दिग्दर्शकाचा आवाज एकदम गोड झाला आणि मी सावध झालो. चिडलेला साहेब परवडतो, गोड झालेला नाही. कोपऱ्यात दुसरा एक म्हातारा नट तसलाच सदरा घालून चहा पीत बसला होता. "सरी, ठीक आहे अण्णा," दिग्दर्शक म्हणाला, "हा शेवटचा टेक. नाही जमलं तर हे करतील."

अण्णांचा चेहरा पार उतरला. मला बघवेना. जवळ जाऊन म्हटलं, "अण्णा, उचलायचंच आहे ना? मग बोटांनी उचला. शालीखाली. तोंड बंद."

"तोंड बंद," अण्णा म्हणाले आणि हात आत घेतले.

"ऊट आयता?"

शाल जराशी हलली. अण्णांचे ओठ उघडले, मिटले. मग त्या बाईंकडे बघत त्यांनी ते वाक्य म्हटलं, अगदी हळू, घरात बोलावं तसं.

"ओके."

मी गाडीची किल्ली काढली. तेवढ्यात अण्णांचा आवाज आला, "सार, इन्नोंदु सल?" पुन्हा एकदा घेऊ या म्हणे! दिग्दर्शक हसला, चांगलं झालंय म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला. अण्णा तरी तिथेच बसून राहिले.

परतताना गाडीत मी त्यांना झापलं. "डोकं फिरलं होतं का तुमचं? कसाबसा जमला. पुन्हा घेतला असता आणि बिघडला असता तर?"

"बिघडला असता तर बिघडला असता." ते बाहेर बघत होते. "आमची ही, तुझी अक्का, जाऊन चार वर्षं झाली. जेवलात का, असं तेव्हापासून मला कुणी विचारलंच नाही रे. आज त्या बाईंनी सहा वेळा विचारलं."

मला स्वतःचाच राग आला. रोज संध्याकाळी त्यांच्या दारावरूनच मी जिना चढतो. मोटर लावली का, सिलिंडर आला का, कुरिअर घेतलं का, सगळं विचारतो.