साळूबाईचं नाक आणि बगळेसाहेबांची सरासरी

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी ऑफिसला जायचे. हसू नका. तुमचे बाबा जातात तेव्हा हसता का?

ऑफिस म्हणजे एक भलामोठा वड. त्याच्याभोवती करवंदीच्या काट्यांचं दाट कुंपण आणि कुंपणाला एकच दार. पाणवठ्यावर कोणी कधी जायचं, पिल्लांनी कुठे चरायचं, सगळं वडाखाली ठरायचं. वडाखाली एकदा वाचला गेलेला निरोप म्हणजे हुकूम. कोणी उलटून विचारायचं नाही.

दारात साळूबाई बसायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटेवाली. तिचं काम एकच. एखादी खार पळसाच्या पानावरचा निरोप घेऊन आली की साळूबाई ते पान हुंगायची. पुढून, मागून, देठाशी. मग म्हणायची, "जा."

एवढं हुंगायचं कशाला? तर जंगलापलीकडच्या जुन्या खाणीत तरस राहायचा. अक्षर मोत्यासारखं, पोट खाणीसारखं. साळूबाईच्या आधीच्या राखणदाराने एकदा त्याचं पान न हुंगता आत सोडलं. पानावर लिहिलं होतं, "खाणीजवळ कोवळा पाला फुटला आहे. पिल्लांना धाडा." भेकरीने दोन पिल्लं धाडली. ती अजून यायची आहेत.

साळूबाई दारात बसली त्या दिवशी भेकरी तिला म्हणाली होती, "साळूमावशी, मला आता एकच उरलंय." बस, एवढंच. साळूबाईला तेवढं पुरलं.

साळूबाईची कुवत होती घटकेला चाळीस पानं. यायची दहा. मधल्या वेळात ती निवांत मुळं चावत बसायची. कोणाला ते खुपत नव्हतं.

मग जंगलात खरजेची साथ आली. वाघोबांनी फर्मान काढलं, "वडाखाली गर्दी नको. जो तो आपापल्या बिळात बसून काम करील." स्वतः वाघोबा गुहेतून काम करू लागले. म्हणजे आधी जे करायचे तेच, पण आता घोरायची परवानगी होती.

आणि मुलांनो, पानांचा पूर लोटला. पूर्वी अस्वल मान वळवून डुकराला विचारायचं, "झालं का रे?" आता त्याला एक पान, तेही वडाच्या दारातूनच. डुकराचं "हो" हे दुसरं पान. अस्वलाचं "बरं" तिसरं. माकडं नुसता अंगठा उमटवलेली पानं पाठवू लागली. मोर रोज सकाळी झाडून सगळ्यांना फूल काढलेलं पान धाडायचा. त्याखाली "शुभ प्रभात".

दहाची शंभर झाली. खारींची रांग दारापासून ओढ्यापर्यंत गेली. साळूबाईचं नाक सोलून निघालं.

तिने अर्ज लिहिला. "माझी बहीण रिकामी आहे, तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. दुसरं दार काढा आणि तिला बसवा." अर्ज योग्य मार्गानेच जायला हवा, म्हणून तो तिने रांगेत शेवटी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर लागला. स्वतःचा अर्ज तिने स्वतःच हुंगला आणि आत सोडला.

जंगलाच्या प्रधान होत्या घोरपडबाई. त्या खुर्चीला कशा चिकटल्या होत्या ते घोरपड पाहिलेल्याला सांगायला नको. त्या म्हणाल्या, "काम वाढलं असं सगळेच म्हणतात गं. पुरावा काय? आधी मोजणी होऊ दे."

मोजणीला बगळेसाहेब आले. दूरच्या तळ्यावर राहून ते मोजणी शिकले होते. बाहेर धूळ फार, म्हणून ते दाराच्या आतल्या बाजूला एका पायावर उभे राहिले.

"चाळीस पानं आली," ते म्हणाले. "तुमची कुवत किती?"

"चाळीस."

"अहो मग चोख बसतंय की!"

"साहेब, जरा मान बाहेर काढा. रांग बघा. ओढ्यात दोन खारी पडल्या सकाळी."

"रांग माझ्या कामात येत नाही, बाई. मी दारातून गेलेलं मोजतो. न गेलेलं कसं मोजणार? ते गेलेलंच नाही."

साळूबाईने पुढचं पान हुंगायला घेतलं. यावर काय बोलावं, तुम्हाला सुचतंय का?

बगळेसाहेब कामाचे पक्के. त्यांनी दिवस मोजला, रात्रही मोजली. दिवसा चाळीस. रात्री सगळे झोपलेले, म्हणून शून्य. त्यांनी चिखलात चोचीने एक सुबक रेघ ओढली आणि जाहीर केलं, "सरासरी वीस."

"म्हणजे निम्मी कुवत वाया चालली आहे!" घोरपडबाई कडाडल्या. "आणि ही वर बहिणीला चिकटवायला बघते!"

निम्मी कुवत सत्कारणी लावायचं ठरलं. साळूबाईने दर घटकेला किती पानं हुंगली याचा अहवाल द्यायचा. एक प्रत प्रधानांना, एक बगळेसाहेबांना, दहा प्रती दहा खात्यांना. ही बारा पानंही दारातूनच जाणार, म्हणजे तीही हुंगायची. आता चाळीसातली बारा पानं "चाळीस हुंगली" एवढं सांगण्यातच जाऊ लागली.

रांग ओढा ओलांडून टेकडीवर चढली.

एका शुक्रवारी वाघोबांनी पान पाठवलं, "आज वार कोणता?" उत्तर निघालं "शुक्रवार", पण पोचलं शनिवारी. आणि शनिवारच्या कडक उपासाला वाघोबांनी अख्खं सांबर चापलं.

आता मात्र जंगल हादरलं. सांबर गेलं म्हणून नव्हे, उपास मोडला म्हणून.

घोरपडबाईंनी तातडीने हुकूम काढला. "ज्या पानावर वाघोबांच्या पंजाचा ठसा असेल ते न हुंगता सोडावं." पहिल्या दिवशी ठशाचं एक पान आलं. दुसऱ्या दिवशी खातेप्रमुखांची आली. चौथ्या दिवशी माकडांनी सुरणाचा हुबेहूब ठसा कोरला आणि आठवड्याच्या आत मोराच्या शुभ प्रभातवरसुद्धा वाघोबांचा पंजा उमटला.

दार वाऱ्यासारखं चालू लागलं. घटकेला दोनशे पानं! बगळेसाहेबांची रेघ चिखलातून वर चढत थेट कुंपणावर गेली. साळूबाईच्या अंगावर शाल घातली, ती काट्यांत अडकून फाटली. नारळ हातात दिला. घोरपडबाई भाषणात म्हणाल्या, "इच्छा असली की कुवत वाढते."

साळूबाई नारळ धरून उभी होती. समोरून दोनशे पानं जात होती आणि ती एकही हुंगत नव्हती.

एका दुपारी एक खार ठशाचं पान तोंडात धरून धावत आली. वारा उलटा फिरला. साळूबाईच्या नाकात कुजक्या हाडाचा वास शिरला.

"थांब!"

"ठसा आहे, मावशी."

"दिसतोय."

"मग तुम्हाला अडवता येत नाही. हुकूम आहे."

साळूबाईने खारीच्या तोंडातलं पान काढून घेतलं, दारात पाठ फिरवली आणि सगळे काटे ताठ उभारले. एवढ्याशा दारात मुंगीलाही जागा उरली नाही. तिने पान उलगडलं. मोत्यासारखं अक्षर. "सर्व पिल्लांची खरूज-तपासणी उद्या सकाळी खाणीत. आयांनी सोबत येऊ नये."

मागे अशी आणखी पानं असतील तर? तिने मागचं एकेक पान हुंगायला घेतलं, ठशासकट. दीड घटका दार तुंबलं. बाहेर खारी किंचाळत होत्या, आत बगळेसाहेब ओरडत होते आणि साळूबाई हुंगत होती. पुढून, मागून, देठाशी.

संध्याकाळी चौकशी बसली.

"किती पिल्लं गेली?" घोरपडबाईंनी विचारलं.

"एकही नाही. मी पान अडवलं ना."

"म्हणजे नुकसान शून्य. लिहा, बगळेसाहेब. आणि खोळंबा?"

"तीनशे पानांचा," बगळेसाहेब म्हणाले. "रेघ अशी खाली आली, बघवत नाही हो."

"बाई, हे पान बघा तरी! तरसाचं आहे!"

"असेल. पण त्याने काही झालं का?"

"नाही झालं, कारण..."

"कारण नको. झालं का?"

झालं नव्हतं खरंच.

तिला काढून टाकलं. जागेवर सरडा आला. सरडा प्रत्येक पानाकडे बघून मान डोलावतो. खार आली, मान वर. पान गेलं, मान खाली. बगळेसाहेबांनी त्याची कुवत लिहिली, "अमर्याद."

साळूबाई आपल्या बिळात परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बिळाबाहेर खुसखुस झाली. भेकरी उभी होती. शेजारी तिचं पिल्लू, तोंडात एक पान.

"वडाखालून आलंय, मावशी. ठसा आहे, सगळं आहे. तरी तेवढं हुंगता का?"

साळूबाईने हुंगलं. "जा," ती म्हणाली.

भेकरीच्या मागे अस्वल होतं. अस्वलामागे दोन माकडिणी. सगळ्यांची पानं सरड्याने पास केलेली, आणि सगळ्यांचं बोलणं सरड्याच्या वेगाबद्दल. काय चपळ आहे म्हणे! मावळतीला सगळे गेल्यावर झुडपाआडून घोरपडबाई सरपटत आल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी एक पान पुढे केलं.

"बाई, तुम्ही?" साळूबाई म्हणाली. "म्हणजे सरड्यावर तुमचा भरवसा नाही?"

"छे छे, पूर्ण भरवसा आहे," घोरपडबाई म्हणाल्या. "पण घरात पिल्लं आहेत ना गं."

तात्पर्य : संकट येण्याआधी कधीही अडवू नये. न आलेल्या संकटाची रेघ ओढता येत नाही. आधी दोन-चार पिल्लं जाऊ द्यावीत, मग दुसरं दार आपोआप मंजूर होतं.